नकाशा, चिठ्ठ्या आणि चतुःसीमा

२०१९ च्या मे महिन्यात आमच्या टपालपेटीत वॉर्ड कार्यालयाकडून एक जाडजूड पुस्तिका आली. एदोगावा वॉर्डात राहणाऱ्या आपल्या बहुतेक मंडळींना ती आठवत असेल. हझार्ड मॅप, म्हणजे पूर आला तर कोठे किती पाणी चढेल हे दाखवणारा नकाशा. मुखपृष्ठावर सबंध वॉर्ड रंगवलेला, त्यातून बाहेर जाणारे बाण, आणि मधोमध सरळ सांगितलेले की, इथे थांबून चालणार नाही. जपानी सरकारी कागदाची भाषा किती गुळगुळीत असते ते आपण जाणतोच. म्हणून त्या स्पष्टपणाची तेव्हा बरीच चर्चा झाली. कौतुक झाले, तशीच 'मग जायचे कोठे?' अशी टीकाही झाली.

मी २००१ साली जपानला आलो तेव्हापासून नकाशांच्या सॉफ्टवेअरचेच काम करतो. त्यामुळे पुस्तिका हातात पडताच शेजारीपाजारी तिचा अर्थ मला विचारू लागले, आणि मीही मोठ्या उत्साहाने सांगू लागलो. पुढे पाच महिन्यांनी एका आजीबाईंनी माझा तो उत्साह उतरवला. त्या निमित्ताने भूगोलाच्या अभ्यासात 'समग्र पद्धती' म्हणतात ती काय असते, आणि तिच्या नावाखाली काय खपवले जाते, याचा विचार करावा लागला. तोच येथे मांडतो आहे.

प्रथम नकाशाचे गुण सांगतो, कारण ते थोडे नाहीत. अराकावा आणि एदोगावा या दोन नद्यांमध्ये वसलेल्या या वॉर्डाची सुमारे सत्तर टक्के जमीन भरतीच्या वेळच्या समुद्रपातळीहून खाली आहे. हे सगळे निसर्गाने केलेले नाही. कारखान्यांनी जमिनीखालचे पाणी उपसले, त्याबरोबर नैसर्गिक वायू काढला, आणि जमीन खचत गेली. १९७० च्या दशकात उपसा रोखल्यावर खचणे थांबले, पण खचलेली जमीन वर येत नाही. आज आपण जिला अराकावा म्हणतो तो प्रवाहही माणसानेच खोदला आहे. १९१० च्या महापुरानंतर त्याचे काम हाती घेतले आणि १९३० साली ते पुरे झाले. १९४७ च्या कॅथलीन वादळात तोने नदीचा बांध वरच्या अंगाला फुटला आणि ते पाणी थेट कात्सुशिका-एदोगावापर्यंत आले. हा सगळा इतिहास पोटात घेऊन तो नकाशा उभा आहे. शेजारच्या सुमिदा, कोतो, आदाची आणि कात्सुशिका या वॉर्डांसह सुमारे पंचवीस लाख लोक बुडणाऱ्या भागात आहेत आणि काही ठिकाणी पाणी दोन आठवड्यांहून जास्त राहील, हे त्यात लपवलेले नाही. आणखी एक मौज त्यात दिसते. निशिकासाईच्या दक्षिणेस समुद्रात भर घालून केलेली सेइशिनचोची नवी जमीन जुन्या गावठाणाहून उंच आहे. जुनी वस्ती बुडेल आणि भराव कोरडा राहील, हे कोणत्याही आजोबांना अंदाजाने सांगता आले नसते. ते मोजमापालाच सांगता येते.

म्हणून मोजमापाविरुद्ध माझी तक्रार नाही. तक्रार कशाविषयी आहे ते आता सांगतो.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सांगलीला महापूर आला होता. आमच्या वरच्या मजल्यावरच्या मुलाची आई घर धुऊन-पुसून झाल्यावर सप्टेंबरात येथे हवापालटाला आली. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात हागिबिस वादळ टोकियोवर येणार अशी बातमी लागली. मुलगा मला विचारायला आला, "दादा, थांबायचं की निघायचं?" मी संगणकावर आमच्या इमारतीची उंची काढली, नकाशावरची पाण्याची खोली काढली, वजाबाकी केली आणि म्हणालो, "तुम्ही सातव्या मजल्यावर. पाणी तिथपर्यंत यायचा प्रश्नच नाही. निवांत राहा."

आजी ऐकत होत्या. म्हणाल्या, "तुमचं गणित बरोबर आहे हो. पाणी वर यायचं नाही. पण मी खाली कशी जायची? लिफ्टचं यंत्र कुठं आहे? जिन्याला पायऱ्या किती?"

मला सांगता आले नाही. आठ वर्षे त्या इमारतीत राहत होतो, पायऱ्या कधी मोजल्या नव्हत्या.

मग त्यांनी इन्सुलिन कोठे गार ठेवायचे ते विचारले, संडासात पाणी कसे येणार ते विचारले, आणि शेवटी म्हणाल्या, "आणि नदी काय समोरून येती होय? आमच्याकडं ती आधी मागून येती, गटारातनं. घाटावर बघत बसलेला माणूस फसतो." सांगलीत लोक आयर्विन पुलावरच्या फुटांत बोलतात. चाळीस म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका, आणि त्या ऑगस्टमध्ये आकडा सत्तावन्नच्या वर गेला होता. पुलाला अमुक फूट झाले की कोणत्या गल्लीच्या तोंडाशी पाणी येते, हे तेथील माणसाला पाठ असते. पुलावरचा आकडा सरकारचा, गल्लीचे ज्ञान लोकांचे. दोन्ही जोडल्यावरच कधी निघायचे ते ठरते. उशीर झाला तर काय होते तेही त्या पुराने दाखवले. ८ ऑगस्टला ब्रह्मनाळला पाण्यातून लोकांना नेणारी नाव उलटली आणि अनेक जीव गेले.

१२ ऑक्टोबरला आम्ही काय केले? मुलगा आईला घेऊन आदल्या संध्याकाळीच सायतामाला मित्राकडे गेला. मी थांबलो. मुखपृष्ठावरचा बाण 'बाहेर जा' म्हणत होता, पण रेल्वेने आधीच जाहीर केलेल्या वेळापत्रकाप्रमाणे गाड्या बंद होत होत्या. पाच वॉर्डांनी मिळून आखलेले मोठे स्थलांतर त्या दिवशी जाहीर झालेच नाही. आमच्या वॉर्डातल्या चार लाखांहून अधिक लोकांना घर सोडण्याची सूचना मिळाली, आणि प्रत्यक्षात शाळांमध्ये पोचले सुमारे पस्तीस हजार. आपल्या नशिबाने अराकावाचा बांध टिकला. पण त्याच रात्री कावासाकीच्या मुसाशी-कोसुगी भागात तामा नदीचे पाणी गटारांच्या नळांतून उलटे वर आले. एका उंच इमारतीच्या तळघरातील विजेची यंत्रे बुडाली. वरच्या मजल्यांवर पाण्याचा थेंबही चढला नाही, पण लिफ्ट गेल्या, दिवे गेले, संडास बंद झाले. बातमी वाचताना मला आजींचे एकेक वाक्य आठवत होते. नकाशा विकायला बसलेल्या माणसाची वजाबाकी चुकली नव्हती, प्रश्न चुकला होता.

हे केवळ माझ्यापुरते असते तर लिहिण्याचे कारण नव्हते. जपानच्या अलीकडच्या दोन मोठ्या आपत्तींकडे पाहिले तर नकाशा दोन परस्परविरुद्ध प्रकारांनी फसलेला दिसतो.

पहिला प्रकार असा की, नकाशा बरोबर होता आणि कोणी ऐकले नाही. जुलै २०१८ च्या अतिवृष्टीत कुराशिकीच्या माबी भागात जेथे पाणी शिरले, ती रेषा हझार्ड मॅपवरच्या रेषेशी बरीचशी जुळली. तरी तेथे पन्नासहून अधिक माणसे गेली, बहुतेक वृद्ध, आणि बरीचशी स्वतःच्या घरात. हागिबिसच्या वेळी नागानोजवळच्या यार्डात शिन्कान्सेनच्या दहा गाड्या, म्हणजे एकशे वीस डबे, चिकुमा नदीच्या पाण्यात उभे होते. तो यार्ड नकाशावर बुडणाऱ्या भागात आधीपासून होता.

दुसरा प्रकार याच्या उलट आहे, आणि अधिक भयंकर. नकाशा चुकीचा होता आणि लोकांनी ऐकले. ११ मार्च २०११ रोजी इशिनोमाकीच्या ओकावा प्राथमिक शाळेतील ७४ मुले आणि १० शिक्षक त्सुनामीत गेले. शाळा समुद्रापासून सुमारे चार किलोमीटर आत, नदीकाठी होती. नकाशावरच्या रंगाबाहेर होती, उलट आसऱ्याचे ठिकाण म्हणून तिची नोंद होती. शाळेमागेच टेकडी होती. पालकांनी दावा लावला. २०१८ साली सेंदाई उच्च न्यायालयाने पालकांच्या बाजूने निकाल देताना सांगितले की, नदीजवळची शाळा म्हणून नकाशा आहे तसा न स्वीकारता तपासून पाहणे हे शाळेचे आणि शिक्षण मंडळाचे कर्तव्य होते. ऑक्टोबर २०१९ मध्ये, हागिबिस आले त्याच आठवड्यात, सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला.

त्याच दिवशी त्याच किनाऱ्यावर कामाइशीच्या उनोसुमाई भागात निराळी गोष्ट घडली. तेथील प्राथमिक आणि माध्यमिक शाळाही रंगाबाहेरच होत्या. पण गुन्मा विद्यापीठाचे प्राध्यापक कातादा तोशिताका यांनी मुलांना आधीची काही वर्षे तीन गोष्टी शिकवल्या होत्या. गृहीतकावर विसंबू नका, त्या परिस्थितीत शक्य ते सर्व करा, आणि आपण आधी पळा म्हणजे इतर पळतील. मुले पळाली, एका ठिकाणी थांबून पुन्हा वर पळाली, आणि वाचली. मुलांच्या हातात नकाशाच दिला होता, पण तो खोडायचीही परवानगी दिली होती.

दोन्ही प्रकारांचे मूळ माझ्या मते एकच आहे. नकाशा हा शेवटचा शब्द समजला गेला. ज्यांना तो पटला नाही त्यांनी तो खणात ठेवला, ज्यांना पटला त्यांनी त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला. त्याच्याशी कोणी बोलले नाही.

येथे मला एका जपानी भूगोलज्ञाचे नाव घ्यावेसे वाटते. कावाकिता जिरो, १९२० ते २००९. क्योतो विद्यापीठात भूगोल शिकलेला हा माणूस १९५३ च्या मानास्लू मोहिमेबरोबर नेपाळात गेला आणि पुढे वारंवार जात राहिला. डोंगरातल्या खेड्यांत हिंडताना त्याच्या वहीत हजारो सुट्या नोंदी साचत. शेत, लग्न, पाणी, कर्ज, देव. यांचे करायचे काय? ठरावीक कप्प्यांत घातल्या तर खेडे हरवते, आणि न घातल्या तर काहीच कळत नाही. यातून त्याने जी युक्ती काढली ती त्याच्या आद्याक्षरांवरून 'केजे पद्धती' म्हणून ओळखली जाते. १९६७ साली त्याचे 'हास्सोहो' हे छोटे पुस्तक आले आणि जपानच्या कचेऱ्याकचेऱ्यांत ती पोचली. आपणही भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या चिकटवण्याच्या बैठकांना बसलो आहोत. ती त्याच पद्धतीची उतरती कळा.

मूळ पद्धत अशी. एका चिठ्ठीवर एकच गोष्ट, ऐकली तशी लिहायची. सर्व चिठ्ठ्या पसरायच्या. आधी ठरवलेल्या शीर्षकांखाली लावायच्या नाहीत, ज्या एकमेकींजवळ याव्यात असे वाटते त्या जवळ ठेवायच्या आणि नंतर त्या गटाला नाव द्यायचे. जी कोणातच बसत नाही ती कोंबायची नाही, एकटी ठेवायची. मग गटांचे चित्र काढायचे. आणि शेवटी, जे कचेरीतल्या बैठकांत नेमके गाळले जाते, ते चित्र सलग गद्यात लिहून काढायचे. चित्रात दोन गटांमध्ये बाण काढणे सोपे असते. 'म्हणून' हा शब्द लिहायची वेळ आली की बाण खोटा होता ते कळते.

नेपाळातल्या सिखा खोऱ्यात ही पद्धत कागदावरच राहिली नाही. गावकऱ्यांच्याच अडचणी ऐकून पाण्याचे नळ आणि दरीवरून ओझी नेणारे दोरमार्ग झाले. १९८४ साली त्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो या कामासाठी. बाहेरच्या तज्ज्ञाने नकाशा करून पाठवला असता तर कदाचित रस्ता आखला असता. बाईच्या पाठीवरचे ओझे नकाशावर दिसत नाही.

आता टीका. कावाकिताची पद्धत मला आवडते म्हणून तिचे दोष झाकणार नाही. मागे आमच्या काही कुटुंबांनी एका रविवारी पुराविषयी अशाच चिठ्ठ्या लिहिल्या. एका ताईंची चिठ्ठी होती, 'मला जपानी वाचता येत नाही आणि हे आठवड्यातले तीन दिवस ओसाकाला असतात.' सगळ्यांनी ती 'भाषा' या गटात ढकलली. माझाही हात पुढे होता. त्या म्हणाल्या, "भाषेचं नाही हो, घरी कोण असतं त्याचं आहे." चिठ्ठी एकटी ठेवली, आणि तासाभरात दिसले की आमच्या सगळ्या योजना नवरा घरी आहे असे धरून केल्या होत्या. नियम कामी आला, पण ताई बोलल्या म्हणून. बोलल्या नसत्या तर? आणि त्या खोलीत न आलेल्यांचे काय? नुकती आलेली एकटी मुले, रात्रपाळीचे नेपाळी शेजारी, यांची एकही चिठ्ठी नव्हती. खोलीतल्या माणसांचा मेळ बसला की गावाचा मेळ बसला, असा भ्रम ही पद्धत फार सहज निर्माण करते. शिवाय चिठ्ठीला वजन नसते. अशी अडचण किती घरांत आहे, हे ती सांगू शकत नाही. त्यासाठी पुन्हा मोजणीकडेच यावे लागते.

'समग्र' या शब्दाचा धोका याहूनही मोठा आहे. वात्सुजी तेत्सुरो या तत्त्वज्ञाचे १९३५ चे 'फूदो' हे पुस्तक हवामान आणि मनुष्यस्वभाव यांचा एकसंध विचार म्हणून गाजले. मोसमी, वाळवंटी आणि कुरणांचा, असे जगाचे तीन भाग. मोसमी प्रदेशातला माणूस सोशिक, निसर्गापुढे मान तुकवणारा, आणि भारत हे त्याचे ठळक उदाहरण. पुस्तकात मनाला भिडणारी निरीक्षणे आहेत, विशेषतः जपानविषयी. पण सांगली-कोल्हापूरच्या माणसाला पावसापुढे सोशिक म्हणायचे तर बांध, पाट, पुलावरच्या खुणा हे कोणी केले? येथे एका चिठ्ठीवर सबंध देश लिहिला गेला. तपशिलाने हरकत घेण्याची सोय ठेवली नाही की समग्र दृष्टी आणि पूर्वग्रह यांत फरक उरत नाही.

आपल्याकडचे उदाहरण घेऊ. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट समितीने २०११ साली अहवाल दिला, तेव्हा सगळा घाट सुमारे नऊ-नऊ किलोमीटरच्या चौकोनांत विभागला होता. प्रत्येक चौकोनाची माहिती जमवून संवेदनशीलतेच्या तीन पायऱ्या सुचवल्या होत्या. पण अहवालाचा खरा आग्रह पुढे होता. हे चौकोन अंतिम नाहीत, ग्रामसभांनी ते पाहावेत, बोलावे, मग ठरावे. त्यानंतरच्या कस्तुरीरंगन समितीने २०१३ साली उपग्रहाच्या चित्रांवरून कितीतरी बारीक नकाशा दिला आणि घाटाचा सुमारे सदतीस टक्के भाग संवेदनशील ठरवला. वाद पेटला तो क्षेत्र किती, टक्के किती, यावर. ग्रामसभेपर्यंत जाऊन परत येण्याचा जो मधला रस्ता होता, तो चालला गेलाच नाही. आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा ती वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती असे बाहेर आले. यादीबाहेरची वाडी आणि रंगाबाहेरची शाळा.

मग खरी समग्र पद्धत कोणती? संगणकावरच्या नकाशाला चार मुलाखती आणि दोन छायाचित्रे जोडली की झाली, असे हल्ली समजतात. अशी कामे माझ्या हातूनही झाली आहेत. मला आपल्या जुन्या खरेदीखताचा नमुना अधिक योग्य वाटतो. त्यात गट नंबर असतो, हेक्टर-आर असतात आणि चतुःसीमाही असते. पूर्वेस अमक्याचे शेत, पश्चिमेस ओढा, दक्षिणेस गाडीवाट. आकडा जमीन किती ते सांगतो, चतुःसीमा ती कोणाशेजारी आहे ते सांगते. दोघांत विसंगती आली तर कोणीतरी उठून जागेवर जाते. महत्त्व त्या जाण्याला आहे. पाणलोटाच्या कामात जिला शिवारफेरी म्हणतात, ती हीच.

जपानच्या नकाशा खात्याने अलीकडे असेच एक पाऊल टाकले आहे. २०१८ च्या पावसात हिरोशिमाजवळच्या साका गावात माणसे गेली. तेथे १९०७ च्या पुराची आठवण देणारा दगड उभा होता, पण तो दगड काय सांगतो याकडे फारसे कोणाचे लक्ष उरले नव्हते. २०१९ पासून अशा स्मृतिशिलांसाठी सरकारी नकाशात एक स्वतंत्र खूण आली. इवाते प्रांतातील आनेयोशीची शिला प्रसिद्धच आहे. १९३३ च्या त्सुनामीनंतर वाचलेल्यांनी, याच्या खाली घर बांधू नका, असे त्यावर कोरले. लोकांनी ऐकले, आणि २०११ साली पाणी त्या शिलेच्या खालीच थांबले. आज तो दगड म्हणजे नकाशातला एक बिंदू आहे. मोजमापाने आठवणीला जागा दिली.

आपल्यासारख्या परक्या मुलखात आलेल्यांना येथे कोणताही दगड वारशाने मिळालेला नाही. मुखपृष्ठावरचा बाण बाहेर जायला सांगतो, तेव्हा जपानी शेजाऱ्याला मामाचे गाव असते, आपल्याला नसते. म्हणून मंडळाच्या मित्रांना माझी एक साधी सूचना आहे. येत्या पावसाळ्यापूर्वी एका रविवारी नकाशा घेऊन बसू या. नदीच्या पुराचा आणि गटारांच्या पाण्याचा, दोन्ही, कारण ते वेगवेगळे छापलेले असतात. चिठ्ठ्या लिहू या. न आलेल्यांच्या दारी दोघे-दोघे जाऊन त्यांच्याही आणू या. मग सगळे मिळून निशिकासाईहून सेइशिनचोपर्यंत चालत जाऊ. आम्ही एकदा गेलो आहोत. बाबागाडी आणि एक दुखरा गुडघा बरोबर असताना फोनने सांगितलेल्या वेळेच्या दुप्पट वेळ लागला. ती वेळ आता माझ्या नकाशावर पेन्सिलने लिहिलेली आहे.

आजी परत सांगलीला गेल्या. जाण्याआधी मी त्यांना सांगितले की, आपल्या इमारतीच्या पायऱ्या मोजल्या, तळापासून सातव्या मजल्यापर्यंत एकशे आठ भरतात. त्या हसून म्हणाल्या, "जपमाळच झाली की. आता अंधारात मोजून बघा."